परदेशातलं 'चहापाणी': इमिग्रेशन काउंटरवर पासपोर्टमध्ये नोट का ठेवली जाते?

थायलंडमध्ये त्याला 'गरम पाण्याचे आणि चहाचे पैसे' म्हणतात. मलेशियात 'कॉफीचे पैसे', इंडोनेशियात 'सिगारेटचे पैसे'. केनियात 'किटू किडोगो', म्हणजे 'काहीतरी छोटंसं'. मेक्सिकोत 'मोर्दिदा', म्हणजे 'चावा'. आणि आपल्याकडे चहापाणी किंवा चिरीमिरी.

शब्द कुठलाही असो, अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच की आपल्या गावात चहापाणी मागणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं, कुणाला फोन करायचा, कुठे अडून बसायचं हे आपल्याला साधारण माहीत असतं. परक्या देशात, भाषा येत नसताना, मागे लांब रांग आणि पुढे विमान चुकण्याची भीती असताना काचेपलीकडचा अधिकारी पासपोर्ट हातात धरून नुसता गप्प बसला, तर बहुतेक माणसं पाकिटाला हात घालतात.

हा व्यवहार चालतो कसा, इमिग्रेशनच्या काउंटरवरच तो इतका का फोफावतो, पैसे देणाऱ्याला कायदा काय म्हणतो आणि याची सगळ्यात मोठी किंमत कोण मोजतं? आग्नेय आशियातल्या काही गाजलेल्या प्रकरणांमधून समजून घेऊ.

जकार्तात काय उघड झालं?

2025 च्या सुरुवातीला इंडोनेशियात एक पत्र सोशल मीडियावर फिरू लागलं. पत्र होतं जकार्तातल्या चिनी दूतावासाचं, तारीख 21 जानेवारी 2025. विषय होता सोएकार्नो-हट्टा विमानतळावर इमिग्रेशन अधिकाऱ्यांकडून चिनी प्रवाशांची होणारी वसुली.

फेब्रुवारी 2024 ते जानेवारी 2025 या काळात वसुलीची किमान 44 प्रकरणं सोडवली गेली आणि 60 हून अधिक चिनी नागरिकांना मिळून सुमारे 3 कोटी 27 लाख रुपिया परत मिळाले, असं दूतावासाने त्यात म्हटलं होतं. आकडा ऐकून दचकू नका. भारतीय रुपयांत ही रक्कम पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. म्हणजे माणशी तीन हजार रुपयांच्याही आत.

पण त्या पत्रातली खरी महत्त्वाची गोष्ट पुढे होती. ही हिमनगाची फक्त टोकं आहेत, असं दूतावासाचं म्हणणं होतं. कारण बहुतेक प्रवासी तक्रारच करत नाहीत. कुणाला पुढचं विमान किंवा मीटिंग गाठायची असते. कुणाला भीती असते की पुढच्या वेळी याच काउंटरवर आलो तर आपल्याला बघून घेतील.

दूतावासाने तीन साध्या मागण्या केल्या. काउंटरवर 'टिप देऊ नका' अशा पाट्या लावा. 'पैसे मागितले तर तक्रार करा' असंही चिनी, इंडोनेशियन आणि इंग्रजी भाषेत लिहा. आणि ट्रॅव्हल एजंट आपल्या ग्राहकांना पासपोर्टमध्ये पैसे ठेवायला सांगतात, ते थांबवा.

इंडोनेशियाच्या सरकारने पत्राबद्दल चीनचे आभार मानले आणि यादीतल्या अधिकाऱ्यांना विमानतळावरच्या तपासणीच्या कामावरून हटवलं.

त्याआधी नोव्हेंबर 2023 मध्ये बालीच्या विमानतळावरही असाच प्रकार समोर आला होता. तिथे वृद्ध, अपंग, गरोदर महिला अशा प्रवाशांसाठी एक 'फास्ट ट्रॅक' रांग होती. ती मोफत होती. तिचा वापर करून इतर परदेशी प्रवाशांकडून माणशी 1 लाख ते अडीच लाख रुपिया, म्हणजे साधारण 500 ते 1,300 रुपये घेतले जात असल्याचा आरोप ठेवत बालीच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने पाच इमिग्रेशन अधिकाऱ्यांना ताब्यात घेतलं.

इंडोनेशियात या प्रकाराला 'पुंगली' म्हणतात. 'बेकायदा वसुली' या अर्थाच्या दोन शब्दांचं ते जोडरूप आहे. हा त्रास इतका रोजचा होता की 2016 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी पुंगली रोखण्यासाठी एक स्वतंत्र पथकच नेमलं होतं.

पैसे नेमके कुठे मागितले जातात?

परदेशात जाणाऱ्या किंवा राहणाऱ्या माणसाची इमिग्रेशन यंत्रणेशी गाठ साधारण चार ठिकाणी पडते. प्रत्येक ठिकाणी वसुलीची पद्धत वेगळी असते.

1. प्रवेशाचं काउंटर. इथे रक्कम लहान आणि वेळ कमी असतो. थायलंड-कंबोडिया सीमेवरचं पोइपेत हे याचं जुनं उदाहरण. कंबोडियाच्या पर्यटक व्हिसाची अधिकृत फी 30 डॉलर. तसा फलकही असायचा. तरीही 2025 च्या सीमासंघर्षाआधी तिथून पायी सीमा ओलांडणाऱ्या प्रवाशांची वर्षानुवर्षं एकच तक्रार असायची: 30 डॉलरवर 'शंभर-दोनशे बाट आणखी द्या' असं सांगितलं जातं. शंभर बाट म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये. नकार दिला तर कुणी ओरडत नाही, धमकी देत नाही. फक्त 'तिकडे बसा' म्हणतात. मग मागून आलेले लोक पैसे देऊन पुढे जातात आणि तुम्ही बसून राहता. बसमधले सहप्रवासी खोळंबतात आणि शेवटी तेच म्हणतात, 'दे ना बाबा, किती वेळ लावतोस!'

2. मुदतवाढीचं कार्यालय. परदेशात दीर्घकाळ राहणाऱ्यांचा सगळ्यात जास्त संबंध इथे येतो. थायलंडचंच बघा. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाला दर 90 दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. घरमालकाला परदेशी भाडेकरू आल्यापासून 24 तासांत 'टीएम 30' नावाची नोंद करावी लागते. निवृत्तीनंतर तिथे राहायचं असेल तर वय 50 पूर्ण हवं आणि बँकेत 8 लाख बाट, म्हणजे 20 लाख रुपयांच्या वर रक्कम ठरावीक महिने पडून असायला हवी किंवा तेवढ्या तोडीचं मासिक उत्पन्न दाखवावं लागतं. नियम लिहिलेले आहेत. पण 'घराचा फोटो हवा', 'बँकेचं पत्र आजचंच हवं', 'ही प्रत चालणार नाही' हे कार्यालयागणिक बदलू शकतं. या बदलत्या भागातच पैशाला जागा मिळते.

3. रस्ता. जानेवारी 2023 मध्ये तैवानची अभिनेत्री शार्लिन आन हिने बँकॉकमध्ये पोलिसांनी आपली गाडी नाक्यावर अडवली आणि 27,000 बाट घेतले, असं सोशल मीडियावर सांगितलं. तेव्हाच्या दराने ही रक्कम 65 हजार रुपयांच्या घरात जाते. पोलिसांनी आधी आरोप फेटाळला. नंतर तपासात पैसे घेतल्याचं निष्पन्न झालं आणि अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. या प्रकरणात ई-सिगारेटचा मुद्दा होता. थायलंडमध्ये ई-सिगारेटवर बंदी आहे, पण हे अनेक पर्यटकांना माहीतच नसतं. पर्यटकाची नकळत झालेली चूक म्हणजे वसुली करणाऱ्याच्या हातात आयतं कोलीत.

4. एजंट. हा चौथा आणि सगळ्यात सभ्य दिसणारा दरवाजा. त्याबद्दल थोडं सविस्तर.

एजंटच्या फीमध्ये नेमकं काय असतं?

सगळेच व्हिसा एजंट भ्रष्ट नसतात. फॉर्म भरणं, भाषांतर करून देणं, रांगेत उभं राहणं ही कष्टाची कामं आहेत आणि त्यांची फी घेण्यात गैर काही नाही. आपल्याकडे आरटीओबाहेर बसणारे एजंट आठवा. काही जण खरंच फक्त फॉर्म भरून देतात.

पण काही एजंट वेगळीच गोष्ट विकतात. 'बँकेत पैसे नसले तरी व्हिसा होईल', 'तुम्हाला ऑफिसात यायचीही गरज नाही', 'कागद कमी असले तरी चालेल' अशी त्यांची जाहिरात असते. याचा अर्थ तुमच्या फीमधला काही वाटा काचेपलीकडे जाणार आहे. फक्त तो तुमच्या हाताने जात नाही, म्हणून तुम्हाला लाच दिल्यासारखं वाटत नाही.

मलेशियात या पद्धतीचं एक टोकाचं रूप समोर आलं. तिथे त्याला 'काउंटर सेटिंग' हे नावच पडलंय. परदेशी माणूस विमानतळावर उतरला की त्याने कुठल्या काउंटरवर जायचं हे एजंट आधीच सांगतो. त्या काउंटरवरच्या अधिकाऱ्याला नाव आणि फोटो आधीच मिळालेला असतो. 2020 मध्ये मलेशियाच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाने धाडी घालून इमिग्रेशन अधिकारी आणि एजंट अशा अनेकांना पकडलं. 2024 मध्ये क्वालालंपूर विमानतळावर पुन्हा तशीच मोठी कारवाई झाली.

यातला धोका ग्राहकाच्या उशिरा लक्षात येतो. शिक्का खरा आहे की खोटा, तो सरकारी संगणकात नोंदला गेलाय की नाही, हे त्याला कळत नाही. मायदेशी परतताना किंवा पुढच्या मुदतवाढीला ते उघड होतं. तोपर्यंत एजंटचा फोन बंद झालेला असतो आणि बेकायदा राहिल्याचा गुन्हा पासपोर्टधारकाच्या नावावर लागतो. थायलंडमध्ये व्हिसा संपल्यावर राहिलेल्या प्रत्येक दिवसाला 500 बाट, जास्तीत जास्त 20,000 बाट दंड आहे. 90 दिवसांच्या पुढे गेलात तर पुन्हा प्रवेशावर बंदीही येते. इंडोनेशियात दंड दिवसाला 10 लाख रुपिया आहे.

इमिग्रेशनच्याच काउंटरवर हे का घडतं?

अमेरिकन अर्थतज्ज्ञ रॉबर्ट क्लिटगार्ड यांनी 1988 मध्ये भ्रष्टाचाराचं एक सोपं समीकरण मांडलं होतं: मक्तेदारी अधिक मनमानीचा अधिकार वजा उत्तरदायित्व. हे समीकरण इमिग्रेशनला चपखल लागू पडतं.

मक्तेदारी: पासपोर्टवर शिक्का मारणारी दुसरी कुणी खासगी कंपनी नसते. एका दुकानात महाग वाटलं म्हणून दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय इथे नाही.

मनमानीचा अधिकार: जगभरातल्या इमिग्रेशन कायद्यांमध्ये 'पुरेसे पैसे', 'प्रवासाचा खरा हेतू', 'समाधानकारक कागदपत्रं' असे शब्द असतात. पुरेसं म्हणजे किती आणि समाधान कुणाचं, हे त्या क्षणी समोरचा अधिकारी ठरवतो. असा अधिकार काही प्रमाणात गरजेचाही असतो. मानवी तस्करी किंवा बनावट पासपोर्ट ओळखायला अधिकाऱ्याला प्रश्न विचारावेच लागतात. पण तोच अधिकार वसुलीचं हत्यारही होऊ शकतो.

उत्तरदायित्व: इथे गाडी खरी अडते. परदेशी माणसाला त्या देशात मत नसतं. त्याचा नगरसेवक नसतो, आमदार नसतो, ओळखीचा पत्रकार नसतो. कोर्टात जायचं तर खटला चालेपर्यंत त्याचा व्हिसाच संपेल. त्याच्यावर अन्याय झाला म्हणून त्या देशात कुणी निवडणूक हरणार नाही.

यात आणखी एक गोष्ट मिळवायला हवी, ती म्हणजे वेळ. अधिकाऱ्याची ड्युटी संध्याकाळपर्यंत आहे आणि प्रवाशाचं विमान चाळीस मिनिटांत. उशीर झाला तर एकाचं काहीच बिघडत नाही, दुसऱ्याचं सगळं बिघडतं. म्हणून तर लाच मागायला तोंड उघडावंच लागत नाही. नुसतं थांबवून ठेवलं तरी पुरतं.

'थोडे पैसे देऊन काम होतंय ना, मग बिघडलं कुठे?'

हा युक्तिवाद नवा नाही. 1960 च्या दशकात सॅम्युअल हंटिंग्टन यांच्यासारख्या नामवंत अभ्यासकांनीही असं मांडलं होतं की गंजलेल्या नोकरशाहीत थोडी लाच वंगणासारखी काम करते. चाकं फिरू लागतात.

1999 मध्ये डॅनियल कॉफमन आणि शांग-जिन वेई या अर्थतज्ज्ञांनी वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांच्या सर्वेक्षणांवरून हे तपासलं. निष्कर्ष उलटा निघाला. ज्या कंपन्या जास्त लाच देत होत्या, त्यांचाच अधिकाऱ्यांबरोबर जास्त वेळ जात होता.

असं का? कारण लाच मिळते हे कळल्यावर अडथळा हीच कमाईची गोष्ट होते. रांग लवकर संपली तर रांग चुकवायचे पैसे कोण देईल? फॉर्म सोपा झाला तर एजंटकडे कोण जाईल? वंगण घातल्याने चाक फिरतं हे एका गाडीपुरतं खरं असेल. पण वंगण विकणाराच चाकात दगड घालत असेल तर मागून येणारी प्रत्येक गाडी अडकणार.

बालीतली ती फास्ट ट्रॅक रांग पुन्हा आठवा. पैसे देणाऱ्या प्रवाशाची वीस-पंचवीस मिनिटं वाचली असतील. पण ती रांग ज्या व्हीलचेअरवरच्या आजोबांसाठी होती, त्यांच्या पुढे तो उभा राहिला होता.

पैसे देणाराही गुन्हेगार ठरतो का?

थोडक्यात उत्तर: बहुतेक देशांत हो.

थायलंडच्या फौजदारी कायद्यात लाच घेणाऱ्या अधिकाऱ्याला अतिशय कडक शिक्षा आहे. कागदावर ती जन्मठेप आणि मृत्युदंडापर्यंत जाते. पण सरकारी अधिकाऱ्याला लाच देणाऱ्यालाही पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. म्हणजे परदेशी माणसाने 'त्याने मागितले म्हणून मी दिले' असं सांगितलं, तर ती तक्रार आणि कबुलीजबाब दोन्ही ठरू शकते. बरेच जण गप्प बसतात त्याचं हे आणखी एक कारण.

नोकरीसाठी परदेशात गेलेल्यांना कंपनीचा देशही महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेचा 1977 चा परदेशी लाचविरोधी कायदा नेहमीच्या सरकारी कामाला गती देण्यासाठी दिलेल्या किरकोळ रकमांना सूट देतो. गंमत म्हणजे अशा नेहमीच्या कामांच्या यादीत व्हिसाची कागदपत्रं पुढे सरकवणं हे उदाहरण थेट दिलेलं आहे. ब्रिटनच्या 2010 च्या कायद्यात मात्र अशी सूट नाही. तेव्हा ब्रिटिश कंपनीच्या खर्चाने परदेशात गेलेल्या पुण्यातल्या इंजिनिअरने 'वर्क परमिटचं चहापाणी' म्हणून बिल लावलं, तर तो स्वतःसकट कंपनीलाही अडचणीत आणू शकतो.

आणि भारतात? 2011 मध्ये तेव्हाचे केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार कौशिक बसू यांनी एक प्रस्ताव मांडला होता, त्यावरून बराच वाद झाला. आपल्या हक्काचं काम करून घेण्यासाठी जी लाच द्यावी लागते, तिला त्यांनी 'छळाची लाच' म्हटलं. अशी लाच देणाऱ्याला गुन्हेगार मानू नका, घेणाऱ्यालाच माना. मग देणारा न घाबरता तक्रार करेल आणि घेणाऱ्याला धाक बसेल, असा त्यांचा तर्क होता.

तो प्रस्ताव तसाच्या तसा स्वीकारला गेला नाही. 2018 मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. मात्र जबरदस्तीने लाच द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत तक्रार केली, तर देणाऱ्याला संरक्षण मिळतं. बसूंच्या कल्पनेचा थोडा अंश त्यात दिसतो. पण ही सोय भारतातल्या सरकारी नोकरांपुरती. बँकॉक किंवा जकार्तातल्या काउंटरवर ती कामाला येत नाही.

एक्सपॅट आणि मजूर: मागणी एकच, किंमत वेगळी

परदेशात राहणाऱ्या गोऱ्या निवृत्त माणसाला किंवा कंपनीने पाठवलेल्या मॅनेजरला 'एक्सपॅट' म्हणतात. त्याच शहरात बांधकामावर काम करणाऱ्याला 'मायग्रंट' म्हणतात. दोघांकडेही पासपोर्ट आहे, दोघांनाही शिक्का हवाय. पण चहापाण्याचा प्रश्न दोघांसाठी सारखा नसतो.

पहिल्यासाठी तो मित्रांना सांगायचा किस्सा आहे. फार तर एका जेवणाचे पैसे गेले. नाहीच जमलं तर तो दुसऱ्या देशात जाऊन राहील. त्याच्या मागे ताकदवान दूतावास आहे. चिनी प्रवाशांचे पैसे परत मिळाले, कारण मोठ्या देशाच्या दूतावासाने एकेक तक्रार गोळा करून त्याचा पाठपुरावा केला.

दुसऱ्याकडे यातलं काहीच नसतं. फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून मोठ्या संख्येने लोक थायलंडमध्ये आले. सीमेवरच्या माए सोत शहरात राहणाऱ्या, कागदपत्रं नसलेल्या या लोकांकडून अटक टाळण्यासाठी पैसे उकळले जातात, हे पत्रकारांनी आणि मानवाधिकार संघटनांनी वारंवार नोंदवलंय. त्यांनी कुठल्या दूतावासात जायचं? ज्या सरकारपासून पळाले, त्याच्याच?

भारतीय कामगारही या साखळीत अडकतात. 'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर वर्क परमिट करून देऊ' असं सांगणारा एजंट नाशिकमध्ये भेटतो, नांदेडमध्येही भेटतो. ज्या दिवशी माणूस पर्यटक म्हणून उतरून कामाला लागतो, त्या दिवसापासून तो तिथल्या कायद्याच्या नजरेत गुन्हेगार असतो. त्यानंतर मालक, मुकादम, पोलीस, इमिग्रेशन यांतलं कुणीही त्याच्याकडे पैसे मागू शकतं आणि तो नाही म्हणू शकत नाही. त्याच्यासाठी ही चिरीमिरी नसते, महिन्याच्या पगारातला कायमचा हप्ता असतो.

ज्याला परवडतं त्याने दिलेल्या नोटेने दर ठरतो. मग तो दर ज्याला परवडत नाही त्याच्याकडूनही मागितला जातो.

तुमच्यावर वेळ आली तर काय कराल?

सगळ्यात आधी सुरक्षितता. अंधाऱ्या रस्त्यावर, एकटे असताना, समोर शस्त्रधारी माणूस असेल तर तत्त्वासाठी भांडत बसू नका. सुटका करून घ्या आणि नंतर तक्रार करा. पण विमानतळ किंवा सरकारी कार्यालयात बहुतेक वेळा यापेक्षा जास्त पर्याय असतात.

निघण्याआधी:

- व्हिसाची अधिकृत फी, मुदत आणि कागदपत्रांची यादी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरून घ्या. स्क्रीनशॉट फोनमध्ये आणि छापील प्रत हातात ठेवा.
- शक्य तिथे ई-व्हिसा काढा. मात्र सरकारीसारखी दिसणारी खोटी संकेतस्थळं खूप आहेत. पत्ता नीट तपासा.
- परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, पुरेसे पैसे असल्याचा पुरावा जवळ ठेवा. हे नसेल तर अडवायला खरं कारण मिळतं.
- त्या देशात कशावर बंदी आहे हे बघा. ई-सिगारेट, काही औषधं, ड्रोन यांवरून हमखास अडकायला होतं.
- नोकरीसाठी जात असाल तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते तपासा. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

काउंटरवर:

- पासपोर्टमध्ये कधीही नोट ठेवू नका. 'सगळे ठेवतात' असं गाईड म्हणाला तरीही. ती लाच देण्याचा प्रयत्न ठरू शकते.
- पैसे मागितले तर शांतपणे विचारा: 'ही कशाची फी आहे? पावती मिळेल का?' हा प्रश्न आरोप करत नाही, त्यामुळे समोरच्याला माघार घ्यायला जागा राहते. खरी फी असेल तर पावती मिळतेच.
- कागद कमी आहे असं सांगितलं, तर कुठला कागद ते लिहून मागा. 'मी उद्या घेऊन येतो' म्हणा. मुदत संपायच्या दिवशी कार्यालयात गेलात तर हे म्हणता येत नाही. म्हणून आठ-दहा दिवस हाताशी ठेवूनच जा.
- आवाज चढवू नका. वरिष्ठांना भेटायची विनंती करा.
- व्हिडिओ काढू नका. बहुतेक विमानतळांच्या इमिग्रेशन भागात चित्रीकरणाला बंदी असते. तोच तुमच्यावर गुन्हा ठरेल.

नंतर:

- तारीख, वेळ, काउंटर क्रमांक, रक्कम लगेच लिहून ठेवा.
- थायलंडमध्ये टुरिस्ट पोलिसांचा क्रमांक 1155 आहे आणि भ्रष्टाचारविरोधी आयोगाचा 1205. इंडोनेशियाच्या भ्रष्टाचार निर्मूलन आयोगाचा क्रमांक 198 आहे.
- भारतीय नागरिक परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतात. दूतावास तुमचा व्हिसा मंजूर करून देऊ शकत नाही, पण प्रकरण त्या सरकारकडे मांडू शकतो.
- अटक झाली तर आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क तुम्हाला आहे. 1963 च्या व्हिएन्ना करारात तो दिलेला आहे.
- भारतीय पासपोर्ट कायद्याने भारत सरकारच्या मालकीचा असतो. कंपनीने किंवा एजंटने तो अडवून ठेवला तर तेही तक्रारीत लिहा.

यात काही बदलतंय का?

हो, पण प्रामाणिक भाषणांपेक्षा यंत्रांमुळे जास्त. इंडोनेशियाने मोठ्या विमानतळांवर ऑटोगेट बसवले. ई-व्हिसा असलेला प्रवासी पासपोर्ट स्कॅन करून बाहेर पडतो, अधिकाऱ्याशी गाठच पडत नाही. थायलंडमध्ये 90 दिवसांची नोंद ऑनलाइन करता येते. तिथल्या 2015 च्या एका कायद्याने प्रत्येक सरकारी परवान्याला कुठली कागदपत्रं लागतील आणि किती दिवस लागतील, हे जाहीर करणं कार्यालयांवर बंधनकारक केलंय.

भारतातही 2018 मध्ये 'ई-एफआरआरओ' सुरू झालं. पुण्यात शिकणाऱ्या आफ्रिकी किंवा अफगाण विद्यार्थ्याला व्हिसाच्या मुदतवाढीसाठी प्रत्येक वेळी कार्यालयात खेटे घालावे लागू नयेत, हा त्यामागचा हेतू. आपण परदेशात ज्या काचेच्या अलीकडे उभे असतो, तशाच काचेच्या अलीकडे हा विद्यार्थी इथे उभा असतो, हेही लक्षात ठेवायला हवं. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या 2020 च्या आशियातल्या सर्वेक्षणात सार्वजनिक सेवांसाठी लाच दिल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण भारतात 39 टक्के होतं. पाहणीतल्या 17 देशांमध्ये हे सर्वाधिक. थायलंडचा आकडा 24 टक्के आणि इंडोनेशियाचा 30 टक्के होता.

यंत्राने सगळं सुटतं असंही नाही. घासाघीस काउंटरवरून उठून एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. अर्ज 'तांत्रिक कारणाने' अडकतो आणि कुणीतरी फोन करून तो सोडवून देण्याचे पैसे सांगतो. शिवाय ज्याच्याकडे कागदच नाहीत, त्याच्यासाठी ऑटोगेट उघडतच नाही.

म्हणूनच जकार्तातली ती यादी महत्त्वाची आहे. त्यातली एकेक रक्कम इतकी लहान होती की तिच्यासाठी कुणी पोलीस ठाण्याची पायरी चढलं नसतं. पण 44 प्रकरणं तारखेसकट एका कागदावर आली, तेव्हा सरकारला अधिकारी हटवावे लागले. तुमच्याकडून कुणी परदेशात पाचशे रुपये उकळले असतील तर ते बहुधा परत मिळणार नाहीत. तरीही काउंटर क्रमांक आणि वेळ लिहून तक्रार पाठवा. पुढच्या यादीत ती एक ओळ असेल.